बॅटरीच्या गाडीने रस्त्याचे पैसे द्यायचे का?

आजचा विषय थोडा हिशेबाचा आहे. आमच्या वैभववाडीतही आता बॅटरीवरच्या स्कूटर दिसतात. त्या पेट्रोल पीत नाहीत. मग रस्त्याच्या डागडुजीतला त्यांचा वाटा कुठून येणार?

आधी पैसा कसा जमतो ते बघू. पेट्रोल-डिझेलच्या दरातच केंद्राचा रस्ते आणि पायाभूत सुविधा उपकर असतो. २०१८च्या अर्थसंकल्पात तो लिटरला ८ रुपये ठेवला होता, पुढे दर बदलत गेले. समजा, एक स्कूटर महिन्याला ९०० किलोमीटर फिरते आणि लिटरला ४५ देते. म्हणजे २० लिटर, त्या दराने १६० रुपये. बॅटरीवाल्याचे शून्य. आणि हा पैसा फक्त हायवेचा नाही हं. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेलाही तो मिळतो. म्हणजे इंधन कमी खपलं, तर झळ वाडीवरच्या रस्त्यालाही लागू शकते.

महाराष्ट्राने मार्च २०२५मध्ये ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना ६ टक्के कर सुचवला आणि थोड्याच दिवसांत मागे घेतला. त्यानंतरच्या धोरणात अटल सेतू, समृद्धी आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर इलेक्ट्रिक चारचाकींना टोलमाफी दिली. चांगलंच आहे, पण आमच्या स्कूटरवाल्याला त्याचा काय उपयोग?

न्यूझीलंडने वेगळी वाट धरली. तिथे १ एप्रिल २०२४पासून इलेक्ट्रिक मोटारींना दर हजार किलोमीटरला ७६ डॉलर, तिथले डॉलर, भरावे लागतात. जितकं फिराल तितकं द्या.

माझं म्हणणं, एवढ्यावर थांबू नये. वजनही धरा. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात झालेल्या मोठ्या चाचणीतून एक ढोबळ नियम निघाला: एका आसावरचा भार दुप्पट झाला, की रस्त्याची झीज साधारण सोळा पट होते. म्हणजे भरलेल्या डंपरपुढे स्कूटरची झीज मोजण्यासारखीही नाही. बॅटरीमुळे मोटार जड होते हे खरं, पण डंपर तो डंपरच. त्यात आपल्याकडचा पाऊस. करूळ घाट रुंदीकरण आणि काँक्रीटसाठी जानेवारी २०२४मध्ये बंद झाला, तेव्हा कोल्हापूरला जायला भुईबावडा नाहीतर फोंडा घाट धरावा लागत होता. रस्ता नसण्याची किंमत आपल्याला कोणी शिकवायला नको.

म्हणून सरसकट वार्षिक फी नको. मासे विकायला दहा गावं फिरणारा आणि फक्त बाजारापुरती गाडी काढणारी आजी, दोघांना एकच आकडा कसा लावणार? किलोमीटर गुणिले वजन, असा दर ठेवा. विमा नव्याने काढताना मीटरचा आकडा नोंदवता येईल. दुचाकीला काही वर्षं सूट द्या, आणि जमलेल्या पैशातला ठरावीक हिस्सा तालुक्यातल्या रस्त्यांसाठी बांधून ठेवा. ही शेवटची अट नसेल, तर लोक का म्हणून देतील?

तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.