जॅझची एक तालीम

मैफली आपण पुष्कळ ऐकतों. थोर वादकांची तालीम मात्र क्वचितच कानीं पडते. न्यूयॉर्कच्या सिक्स्थ ॲव्हेन्यूवरील एका जुन्या इमारतींत यूजीन स्मिथ हा छायाचित्रकार राहत असे. त्यानें तेथें जागोजाग ध्वनिग्राहक बसविले होते. म्हणूनच १९५९ च्या आरंभीं थेलोनियस मंकच्या वृंदाची तालीम फितींवर उतरली. जागा संगीतकार हॉल ओव्हरटनची. वेळ मध्यरात्र उलटल्यानंतरची.

चीज होती ‘लिटल रूटी टूटी’. १९५२ मध्यें मंकनें ती पियानोवर मुद्रित केली होती. त्यांतील त्याचा उत्स्फूर्त विस्तार ओव्हरटननें स्वरलिपींत उतरवून सात फुंकवाद्यांना वांटून दिला. खरी अडचण येथेंच! एकट्याच्या बोटांना जें क्षणांत सुचलें, तें सात जणांनीं एका श्वासांत वाजवावयाचें. पियानोची पट्टी दाबतांच सूर उमटतो. ट्यूबामध्यें तो ओठांनीं व दमानें घडवावा लागतो. शिवाय मंकची लय मुद्दाम अडखळणारी. ती अडखळ कागदावर लिहितां येते, पण सर्वांनीं नेमकें एकदम अडखळावें कसें? एखाद्या गवयाची आयत्या वेळीं सुचलेली तान सात गळ्यांतून एकजीव काढून पाहावी, म्हणजे हें संकट कळेल. म्हणून हे निष्णात वादकही एकेक तुकडा पुनःपुन्हां घोटीत राहिले.

२८ फेब्रुवारीस टाउन हॉलमधील जलशांत त्यांनीं ही चीज वाजविली. आणि शेवटीं पुन्हां एकदां.