डोंगराकडे तोंड करून बसावें

आषाढ लागला कीं मुलें लोणावळ्यास जाण्याचा हट्ट धरितात. हौस गैर नव्हे. पाऊस अंगावर घेतल्यावांचून मेघदूत उमगावयाचें नाहीं, असें मीं वर्गांत कैकदां सांगितलें आहे. परंतु भुशी धरणाकडे निघतांना वडील माणसांनीं ३० जून २०२४ चा दिवस आठवावा. त्या रविवारीं धरणामागील धबधब्यांत एकाच कुटुंबांतील पांच माणसें वाहून गेलीं. पैकीं चार बालकें. पाणी चढलें तेव्हां तीं प्रवाहाच्या मधोमध एकमेकांस घट्ट धरून उभीं होतीं.

आपल्या डोक्यावर ऊन असलें तरी वर घाटमाथ्यावर सर कोसळत असते, आणि तें पाणी ओढ्याओढ्यांतून घटकाभरांत खालीं येतें. बहुधा तें वर्दी देऊन येतें: निवळ धार गढूळ होते, पालापाचोळा वाहूं लागतो, आवाज जड होतो. तेवढें जाणवतांच छत्री, डबा, छायाचित्र, सारें टाकून कांठ गांठावा. हातांची साखळी केली म्हणजे निभावतें, हा भ्रम होय. गुडघाभर वेगवान पाणीही धडधाकट पुरुषास पाडतें, आणि एक पडला कीं शेजारचा ओढला जातो.

म्हणून बिऱ्हाडांतील एकानें डोंगराकडे तोंड करून बसावें. आमच्या घरीं तें काम माझ्याकडे आहे. गेल्या श्रावणांत पाण्यांत पानें दिसतांच मीं सर्वांस बाहेर काढलें. सूनबाईंनीं आणलेलीं भजीं भिजलीं, पाणी कांहीं चढलें नाहीं. आणि परतीच्या गाडींत थोरला नातू माझ्याशीं पुण्यापर्यंत बोलला नाहीं.