हदिया आणि किंमत

वालूरची चक्राकार बारव कुणाला उचलून नेता येत नाही. गोल फिरत पाण्याकडे उतरणाऱ्या तिच्या पायऱ्या पाहायला लांबून माणसं येतात, फोटो काढतात आणि हात हलवत परत जातात. घरांच्या माळ्यावर ठेवलेल्या जुन्या पेट्यांचं मात्र तसं नाही. त्यातलं सगळं उचलता येतं, तोलता येतं आणि विकता येतं.

रमजानचा शेवटचा पंधरवडा आला की मुस्लिम घरांत ईदची झाडलोट सुरू होते. भिंतींना चुना लागतो, माळे रिकामे होतात. तांब्याची देग, आजीचं पानदान, पाहुण्यांचे हात धुवायचा आफताबा अंगणात येतो. नेमका त्याच दिवसांत भंगारवाल्याचा हातगाडाही गल्लीत फिरतो. दिवाळीच्या आधी हिंदू घरांतही हेच घडतं, फक्त पेटीतून समई आणि घंगाळ निघतं. दोन्हीकडे भाव मोडीचाच.

बिदरी भांड्याची यात सगळ्यात जास्त फसगत होते. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि बिदरची ही कारागिरी त्या राज्यातली मानाची वस्तू. जस्तात थोडं तांबं मिसळून भांडं ओततात, त्यावर नक्षी कोरून चांदीची तार ठोकून बसवतात. मग बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या पाण्यानं ते काळं करतात. जस्त काळं पडतं, चांदी तशीच चमकते. आता हे काळेपण म्हणजे मळ समजून कुणी राखेनं घासलं, तर कारागिराची निम्मी मेहनत मोरीत जाते. भंगाराच्या काट्यावर तर ते नुसतं जस्त. पुढे हेच भांडं मुंबईच्या चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर किंवा एखाद्या गॅलरीच्या काचेआड जातं, तेव्हा त्याचं वजन कुणी विचारत नाही.

जुन्या वस्तूला इतिहासाची जोड मिळाली की किंमत कुठे जाते, हे मराठी वाचकानं नुकतंच पाहिलं आहे. एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात राज्य सरकारनं रघुजी भोसल्यांची तलवार सुमारे ४७ लाख रुपयांना घेतली. २०२३ मध्ये टिपू सुलतानाची तलवार १ कोटी ४० लाख पौंडांना गेली होती.

तलवारीचं ठीक आहे. पेटीत जुजदानात, म्हणजे कापडी गवसणीत, गुंडाळलेला हस्तलिखित कुरआन निघाला तर?

इथे बाजाराची भाषाच अडखळते. मुस्लिम घरांत कुरआनची ‘किंमत’ म्हणत नाहीत. दुकानातून छापील प्रत आणतानाही ‘हदिया किती?’ असंच विचारतात. हदिया म्हणजे भेट. पैसे कागदाचे आणि मेहनतीचे, कलामाचे नाहीत, हा त्यामागचा भाव. प्रत फार जीर्ण झाली तर ‘शहीद झाली’ म्हणतात आणि स्वच्छ कपड्यात गुंडाळून पाक जागी पुरतात किंवा वाहत्या पाण्यात सोडतात. अदबीनंच करतात, पण वाचवता आली असती अशी किती हस्तलिखितं या अदबीतच गेली असतील, कोण जाणे.

बाजारात अदब वेगळीच. लंडनमध्ये २०२० साली चिनी रंगीत कागदावर लिहिलेली तैमूरी काळातली एक प्रत ७० लाख पौंडांहून अधिक रकमेला विकली गेली. ती आली कुठून याचे तपशील पुरेसे नाहीत, अशी टीका तेव्हा अभ्यासकांनी केली. ती निदान अखंड होती. त्याहून वाईट रीत म्हणजे शिलाई उसवून एकेक पान चौकटीत बसवून विकणं. पुस्तक घेणारा एखादा, पानं घेणारे शंभर. हिशेब सरळ आहे. रमजानच्या तरावीहमध्ये तीस पारे सलग ऐकणाऱ्याला त्यातली तोडमोड लगेच कळेल. पण नुकसान फक्त भावनेचं नाही. लिहिणाऱ्याचं नाव, गाव आणि हिजरी साल बहुधा शेवटच्या पानावर असतं. मशिदीला वा मदरशाला दान दिलेल्या प्रतीवर वक्फची नोंद किंवा शिक्का असतो. अशी प्रत कुणाला विकताच येत नाही. विक्रीला आलेल्या प्रतीची पहिली-शेवटची पानंच गायब असतील, तर आधी तिथेच शंका घ्यावी.

कायदाही आहे. १९७२ चा पुरावशेष कायदा १९७६ पासून लागू आहे. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू आणि महत्त्वाचं असेल तर पंचाहत्तर वर्षांचं हस्तलिखितही त्यात येतं. घरी ठेवणं गुन्हा नाही, देशात विकणंही नाही. मात्र व्यापाऱ्याला परवाना लागतो, चित्रं किंवा सोनेरी वेलबुट्टी असलेल्या हस्तलिखिताची नोंदणी करावी लागते, आणि खासगी माणसानं ते परदेशी पाठवलं तर किमान सहा महिने कैद. गल्लीत येऊन रोख मोजणारा यातलं काही सांगत नाही.

अर्थात पेटीतली प्रत्येक जुनी प्रत हस्तलिखित नसते. पुष्कळ शिळाछापी निघतात. दगडावरून छापलेली अक्षरं हुबेहूब हातची वाटतात, भले भले फसतात. शेवटी छापखान्याचं नाव शोधावं. कित्येकदा ते लखनौच्या नवलकिशोर प्रेसचं निघतं. १८५८ मध्ये हा छापखाना काढणारे मुन्शी नवलकिशोर हिंदू होते, आणि त्यांनी छापलेले कुरआन हिंदुस्थानभर घराघरांत पोचले. बाजारात अशा प्रतीचं फार येत नाही. ज्या घरात ती चार पिढ्या रेहलवर उघडली गेली, तिथे मात्र तिचा हदिया कधीच देऊन झाला आहे.

हस्तलिखितच निघालं, तर भंगारवाला, गॅलरी किंवा विहीर यांच्या आधी तीन गोष्टी करता येतात. शेवटच्या पानाचा फोटो काढायचा. साल सापडलं तर ताडून पाहायचं: हिजरी १३०० म्हणजे १८८२-८३. आणि फारसी-उर्दू जाणणाऱ्या एखाद्या वडीलधाऱ्याला किंवा हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयासारख्या ठिकाणी दाखवायचं. तिथे कुरआनची हस्तलिखितं आणि बिदरी दोन्ही आहेत. ईदचा चुना लागायच्या आत एवढं झालं तर बरं. ओला हात लागला की जुनी शाई फुटते.