लेकीचं गाव साडेबारा हजार किलोमीटरवर

पूर्वी लेक बाळंतपणाला माहेरी यायची. आता लेक अमेरिकेत असली, की आईलाच बॅग भरावी लागते. आमच्या महिला मंडळात अशा कितीतरी मैत्रिणी भेटतात. डिंकाच्या लाडवांचं प्रमाण त्यांना तोंडपाठ असतं, अडतं ते एकाच ठिकाणी. ‘ताई, तिथं पोचायला नेमके किती तास लागतात हो?’

मुंबई ते न्यूयॉर्क अंतर आहे सुमारे १२,५०० किलोमीटर. थेट विमानाला जाताना साधारण १५ ते १६ तास लागतात. दुबई किंवा लंडनला विमान बदलायचं असेल, तर २० तासांच्या पुढचाच हिशेब धरा.

गोंधळ होतो तो तिकिटावरच्या वेळेने. समजा, उन्हाळ्यात विमान मुंबईहून रात्री १ वाजता निघालं आणि न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी ७ वाजता उतरलं. वाटतं, सहाच तास! पण दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. सहा अधिक साडेनऊ, म्हणजे साडेपंधरा तासांचा प्रवास. येताना हाच फरक वजा करायचा.

परतीचा प्रवास तास-दीड तासाने कमी होतो. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, ते येताना विमानाला पाठीमागून रेटा देतात.

मुलांच्या पृथ्वीच्या गोलावर मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून बघा. तो सरळ पश्चिमेला न जाता उत्तरेला चढून आइसलँडवरून जातो. सर्वांत जवळची वाट तीच. पण आकाशातही हद्दी असतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली, तेव्हा अमेरिकेच्या विमानांना लांबचा वळसा पडला.

मैत्रिणींनो, हे तास नीट मोजायचे ते तब्येतीसाठी. चार तासांहून जास्त वेळ एका जागी बसून प्रवास केला, तर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितलं. एरवी हा धोका कमीच असतो. पण पूर्वी गुठळी झालेली असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नका. विमानात अधूनमधून उठून चाला, बसल्या बसल्या घोटे फिरवा, पाणी पीत राहा. ‘सारखं बाथरूमला कोण जाणार’ म्हणून तहान मारू नका! मधुमेहाच्या गोळ्या, इन्सुलिन कुठल्या घड्याळाप्रमाणे घ्यायचं, हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. औषधं आणि चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवा. गुडघे दुखत असतील, तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागा. त्यात लाजायचं काय?

आणि हो, आपल्या गावाहून मुंबई गाठायची रात्र, विमानतळावर आधी पोचायचे तीन तास, हेही त्यात मिळवा. दारातून दारात दीड-दोन दिवस होतात. लेकीला आधार द्यायला जायचंय ना? मग आपणही तिथं धडधाकट पोचायला हवं.