अनमोडचा घाट आणि लाल टोपीवाले

गोवा मुक्तीची गोष्ट निघाली की पहिलं नाव येतं ते ब्रिगेडियर सगत सिंग यांच्या छत्रीधारी सैनिकांचं. 19 डिसेंबर 1961 ला ते सकाळीच पणजीत शिरले आणि सगळं श्रेय तिथेच जमा झालं. मूळ बेत मात्र वेगळा होता. मुख्य मुसंडी पूर्वेकडून, आमच्या जोयडा तालुक्यातल्या अनमोडकडून मारायची आणि सगत सिंग यांच्या 50 पॅरा ब्रिगेडने उत्तरेकडून नुसता हातभार लावायचा, असं ठरलं होतं. हातभार लावायला आलेले पंगतीत आधी बसले, आणि ज्यांच्यासाठी पाट मांडले होते ते वाटेतच राहिले!

अनमोडहून निघालेल्यांना शत्रूने फारसं अडवलं नाही, रस्त्याने अडवलं. त्यांच्यातल्या 63 ब्रिगेडच्या 2 बिहार आणि 3 शीख या पलटणी 18 तारखेला मोलेत एकत्र आल्या आणि दोन वाटांनी फोंड्याकडे निघाल्या. समोर कुणी लढायला नव्हतं. पोर्तुगीज पूल उडवत मागे सरकत होते. अंधार पडला तेव्हा एक पलटण खांडेपारला होती, दुसरी दारबांदोड्याला. मागून आलेल्या 4 शीखने बोरीच्या पुलाची वाट न पाहता जुवारी पार केली, पुढे छातीभर पाण्यातून ओहोळ ओलांडला आणि 19 ला दुपारी मडगाव गाठलं.

अशा लढाईत बंदुकीपेक्षा शिट्टीला भाव येतो. शिट्टी असते मिलिटरी पोलिसाच्या हातात. फौजेत या लाल टोपीवाल्यांवर फारसं कुणाचं प्रेम नसतं. छावणीत बटण उघडं दिसलं की हटकणारे हेच. पण घाटात काही हजार माणसं, त्यांचा दारूगोळा, शिधा आणि पूल बांधायचं सामान एकाच अरुंद रस्त्याने उतरवायचं असतं, तेव्हा आधी काय जाईल हे वळणावर उभा असलेला हाच शिपाई बघतो. पुढचा पूल उडालाय म्हटल्यावर पूल बांधणाऱ्या सॅपर्सच्या गाड्या पुढे काढायच्या, बाकीच्या डोंगराच्या अंगाला दाबून उभ्या करायच्या. एक ट्रक आडवा झाला की मागचं सगळं ठप्प. गाडीत साहेब बसलेले असोत, हात वर झाला की गाडी थांबली पाहिजे. अनमोडचा उतार आज गाडीने उतरणाऱ्यालाही हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पलीकडे, पोर्तुगीजांच्या बाजूला, पोलिसांनाच सैनिक केलेलं होतं. 1958 मध्ये पोर्तुगीजांनी गोव्यातले पोलीस आणि जकातीचे पहारेकरी लष्कराच्या हुकुमाखाली आणले होते. माणसं कमी, सामान त्याहून कमी. गव्हर्नर व्हासालो ई सिल्वा यांनी रणगाडाविरोधी दारूगोळा मागवला, त्याला सांकेतिक नाव होतं शोरिस, म्हणजे सॉसेज. लिस्बनहून विमानाने खरेच सॉसेज आले, असा किस्सा सांगतात. 19 च्या रात्री साडेआठला गव्हर्नरांनी शरणागतीवर सही केली.

मग सुरू झालं आपल्या मिलिटरी पोलिसांचं दुसरं काम, पोर्तुगीज कैदी सांभाळण्याचं. साडेचार हजारांहून अधिक माणसं फोंडा, नावेली, आग्वाद, आल्परकेरोस इथल्या छावण्यांत होती. मार्च 1962 मध्ये फोंड्याच्या छावणीतून काही जणांनी कचऱ्याच्या गाडीतून पळायचा प्रयत्न केला आणि ते पकडले गेले. पोर्तुगीज सांगतात त्याप्रमाणे, त्यांच्या अधिकाऱ्यांना कोर्टमार्शलची धमकी मिळाली आणि फेरेरा दा सिल्वा नावाच्या जेझुइट पाद्र्याने मध्ये पडून प्रकरण निवळवलं. पळून कुठे जाणार होते, हा प्रश्न मला नेहमी पडतो. चारी बाजूंना भारत आणि समुद्र!

बरं, घरी पोचले तरी काय मिळालं? पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारने आधीच बजावलं होतं, जिंका नाहीतर मरा, कैद होऊ नका. मे 1962 मध्ये जहाजं लिस्बनला लागली. धक्क्यावर बायकापोरं वाट बघत होती, पण आधी पुढे आले पोर्तुगालचेच मिलिटरी पोलीस, बंदुका रोखून. घरच्यांना भेटू न देताच त्यांनी सैनिकांना ताब्यात घेतलं, नंतर उलटतपासण्या झाल्या. मार्च 1963 मध्ये गव्हर्नरांसह काही अधिकाऱ्यांना लष्करातून काढून टाकलं. गव्हर्नरांचा हुद्दा परत मिळायला पोर्तुगालमध्ये 1974 ची क्रांती व्हावी लागली. 1980 मध्ये हेच व्हासालो ई सिल्वा गोव्यात आले, तेव्हा गोवेकरांनी त्यांचं आपुलकीने स्वागत केलं.