पात्याआधी कडी

घरी स्पिनर, म्हणजे फिरत्या पात्याचं मासेमारीचं आमिष, बनवायला बसलेला माणूस बहुधा पात्यापासून सुरुवात करतो. चकाकतं ते पातं, रंग चढतो तो पात्याला आणि नावंही त्याच्याच आकारांना मिळालेली: गोलसर कोलोराडो, लांब निमुळतं विलोलीफ, मधल्या घडणीचं फ्रेंच. तारेत ओवायची बाकी चिल्लर मग मिळेल ती घेतली जाते. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. आधी निवडावी ती पात्याला तारेवर धरून ठेवणारी यू आकाराची इवलीशी कडी, म्हणजे क्लेव्हिस. मग तिच्याखालचा मणी, मग धडाचं वजन आणि पातं त्यानंतर. स्पिनर काही हुबेहूब माशासारखा दिसत नाही. तो चालतो तो फिरणाऱ्या पात्यामुळे: पाण्यात ठोके उमटतात आणि माशाच्या दोन्ही कुशींवरची पार्श्वरेषा ते टिपते. पाणी गढूळ असेल तर डोळ्यांपेक्षा हीच जाणीव जास्त उपयोगी पडते. रीळ सावकाश गुंडाळतानाही पातं पहिल्याच ओढीला फिरू लागलं पाहिजे. ते अडलं, तर कितीही देखणं असलं तरी पाण्यातून ओढला जाणारा तो नुसता पत्र्याचा तुकडा.

फिरणं अडतं ते कडीशी. नेहमीच्या स्पिनरची तार साधारण 0.6 ते 0.9 मिलिमीटर जाडीची, स्टेनलेस स्टीलची असते आणि कडीची भोकं तिच्याहून किंचितच मोठी लागतात. घट्ट बसली तर कडी घासते. फार सैल असली तर तिरकी होऊन मण्यावर चढते. पत्रा दुमडून केलेल्या स्वस्त कडीत भोकाच्या कडेला धातूची कूस राहून गेलेली असते. ती नखाला जाणवते, तेव्हा विकत घेतानाच बोट फिरवून पाहावं. खालचा मणी पितळी, गोल आणि गुळगुळीत हवा. प्लॅस्टिकचा मणी रंगीत दिसतो, पण कडी त्यावर सतत घासून चर पाडते आणि त्या चरीत ती अडकायला लागते. दाराची किंमत आपण लाकडावरून करतो, पण कुरकुरते ती बिजागरी. इथेही तसंच आहे.

कडी नसलेले स्पिनरही आहेतच की, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे. पँथर मार्टिन या ब्रँडच्या स्पिनरमध्ये तार थेट पात्यातूनच जाते. पण तिथं कडीचं काम पात्यातलं भोक करतं आणि ते नेमक्या जागी, नेमक्या मापाचं पाडणं कारखान्याला जमतं. घरच्या ड्रिलने ते साधणं कठीण. फ्रान्समध्ये आंद्रे म्यूलनार यांनी 1938 मध्ये सुरू केलेल्या मेप्स या कंपनीच्या प्रसिद्ध स्पिनरचं पातं कडीवरच फिरतं. घरी बनवणाऱ्यानं तीच वाट धरावी.

वजनाचा हिशेबही याच धाग्यातला. कोलोराडो पातं तारेपासून बरंच लांब फेकलं जातं आणि पाणी जोरात ढकलतं. विलोलीफ तारेला लगटून फिरतं, म्हणून वेगाच्या प्रवाहात टिकतं. मोठ्या कोलोराडोखाली हलकं धड लावलं, तर पात्याबरोबर अख्खा स्पिनर गरगरतो आणि तंगूसाला पीळ पडतो. स्विव्हल, म्हणजे तंगूस आणि स्पिनरमधला फिरता जोड, लावला की भागतं, हे उत्तर अर्धवट आहे. साधा पितळी स्विव्हल थोड्याशा पिळाला दाद देत नाही. बॉल बेअरिंगचा देतो, पण अडलेल्या पात्याला तोही फिरवू शकत नाही. धडाला शिसं वापरायचं का, हाही प्रश्न आहे. शिशाची छोटी वजनं गिळून हंस मरतात म्हणून ब्रिटननं 1987 मध्ये मासेमारीच्या बहुतेक शिशाच्या वजनांवर बंदी आणली. शिशाऐवजी पितळ घेतलं, तर त्याची घनता सुमारे 8.5 ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, शिशाची 11.3, म्हणजे तेवढ्याच वजनाचं पितळी धड आकाराने मोठं होणार. ते लांबीला वाढवलं तर निदान पात्याचं टोक गळापर्यंत पोचत नाही, आणि पोचता कामाही नये.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. अमेरिकेत ओरेगन-वॉशिंग्टनच्या नद्यांवर स्टीलहेड आणि सामन माशांसाठी स्वतः स्पिनर घडवणारे लोक खऱ्या चांदीचा मुलामा दिलेल्या पात्यासाठी जादा पैसे मोजतात. ते वेडे आहेत का? नाहीत. चांदी दृश्य प्रकाशाचा सुमारे 95 टक्के भाग परतवते, निकेल त्याहून बरंच कमी. अंधूक, थंड पाण्यात हा फरक माशाला दिसू शकतो. पण चांदीची लखलख पडते ती फिरत्या पात्यावरून. अडलेल्या पात्यावर तेवढेच पैसे वाया. रंगाचं महत्त्व मात्र मला फुगवलेलं वाटतं: स्वच्छ पाण्यात लाल रंग खोलवर सगळ्यात आधी विझतो, तरी दुकानात लाल ठिपक्यांचीच पाती पुढे मांडलेली असतात.

आपल्याकडे मरळ किंवा खाडीतला जिताडा गरवण्यासाठी स्पिनर करायचा, तर निवड थोडी बदलते. मरळ पाणवनस्पतीत दबा धरून असतो. तिथं तीन टोकांचा गळ पानं गोळा करतो, म्हणून एकेरी गळ बरा. खाडीचं खारं पाणी स्वस्त मुलामा आधी कडीच्या भोकात खातं आणि पातं बाहेरून नवं दिसत असतानाच फिरायचं थांबतं. तेव्हा खाडीसाठी कडीही तारेसारखी स्टेनलेसचीच घ्यावी आणि घरी आल्यावर स्पिनर गोड्या पाण्यात धुवावा.