‘नाही’ म्हणायचे, पण कोणत्या इंग्रजीत?

लोणावळा-खंडाळ्याची हॉटेले, कार्ल्याकडचे बंगले, तळेगावची एमआयडीसी. मावळातल्या आपल्या वस्त्यांमधली कितीतरी मुले-मुली आज इथे कामाला जातात. पाहुणे इंग्रजीत बोलतात, साहेब इंग्रजीत विचारतात. ‘येस सर’ सर्वांनाच येते. अडते ते नकार देताना.

मराठीत ‘जमणार नाही’, ‘मुळीच नाही’ आणि ‘माझ्या मढ्यावरून जा’ यांतला फरक आपल्याला कोणी शिकवावा लागत नाही. इंग्रजीतही अशाच पायऱ्या आहेत. त्या माहीत नसल्या की माणूस एक तर उद्धट ठरतो, नाही तर नको त्या गोष्टीला होकार देऊन बसतो.

सिनेमामुळे ‘नो वे’ हा शब्द पोरांच्या तोंडी बसला आहे. तो मित्रामित्रांत शोभतो. साहेबाला किंवा गिऱ्हाइकाला ‘नो वे’ म्हणणे म्हणजे ‘हॅट, जमणार नाही’ म्हणण्यासारखे आहे. तिथे ‘आय ॲम अफ्रेड आय कान्ट’ म्हणावे. इथे ‘अफ्रेड’चा भीतीशी संबंध नाही; ‘क्षमा करा, पण जमणार नाही’ एवढाच त्याचा अर्थ. ‘आय कान्ट’ म्हणजे मला शक्य नाही. ‘आय वोन्ट’ म्हणजे मी करणारच नाही. दुसरा शब्द जपून वापरावा.

मत पटले नसेल तर ‘आय डोन्ट ॲग्री’ म्हणावे. पुष्कळजण ‘आय ॲम नॉट ॲग्री’ म्हणतात. ते चूक आहे, आणि ऐकणाऱ्याला ‘मी रागावलो नाही’ असे ऐकू येण्याचाही संभव आहे!

सर्वांत फसवा शब्द ‘नॉट ॲट ऑल’. ‘डू यू ॲग्री?’ या प्रश्नाला त्याचा अर्थ ‘अजिबात नाही’. पण समजा, मॅनेजरने विचारले, ‘वुड यू माइंड डुइंग द नाइट शिफ्ट?’ म्हणजे, रात्रपाळी करायला तुझी हरकत आहे का? इथे ‘नॉट ॲट ऑल’ म्हटले की अर्थ होतो, ‘हरकत अजिबात नाही’. मुलाला वाटते आपण नकार दिला, आणि रात्रपाळी गळ्यात पडते. अशा वेळी सरळ ‘सॉरी सर, आय कान्ट’ म्हणावे व कारण सांगावे.

याहून गंभीर प्रसंग चौकशीचा. ‘डिडन्ट यू लॉक द गेट?’ असे विचारले आणि आपण कुलूप लावलेले नसेल, तर आपण मराठी वळणाने ‘हो, नाही लावले’ म्हणतो. इंग्रजीत मात्र ‘येस’ म्हणजे लावले. उलट ‘डिडन्ट यू टेक द मटेरियल?’ या प्रश्नाला ‘हो, नाही घेतला’ या अर्थाने ‘येस’ म्हटले, तर न केलेल्या चोरीची कबुली होते! म्हणून एका शब्दावर थांबू नये. ‘नो, आय डिड नॉट टेक इट’ असे पूर्ण वाक्य बोलावे. प्रश्न नीट कळला नाही तर ‘मराठीतून विचारा’ म्हणण्यात कसलाही कमीपणा नाही.

मग ‘सर्टनली नॉट’ आणि ‘ॲब्सोल्यूटली नॉट’ हे कडक शब्द कुठे वापरावेत? कोऱ्या कागदावर सही मागितली, खोटी हजेरी लावायला सांगितले, कुणी मुलीशी गैर बोलले, तर तिथे. तिथे ‘सॉरी’ची गरज नाही. एरवी ऊठसूट वापरले तर त्यांची धार जाते.

ठाम नकार कसा असावा, याचे उदाहरण आपल्यासमोर आहेच. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना 1936 च्या परिषदेचे अध्यक्षपद दिले आणि मग भाषणातला काही भाग वगळावा असा आग्रह धरला. बाबासाहेबांनी 27 एप्रिल 1936 च्या इंग्रजी पत्रात कळवले की, एक स्वल्पविरामही बदलणार नाही. नुसते ‘नाही’ लिहून ते थांबले नाहीत. आपली कारणेही त्यांनी मांडली. परिषद रद्द झाली, पण ते भाषण बाबासाहेबांनी स्वखर्चाने छापले. आज ते जगभर वाचले जाते.

तेव्हा पालकांनो, मुलांकडून इंग्रजीची घोकंपट्टी करून घेताना ‘थँक यू’ आणि ‘प्लीज’बरोबर हे चार नकारही म्हणवून घ्या. आई-वडिलांनी साहेब व्हावे, मुलांनी नकार द्यावा. खेळता खेळता जीभ वळेल, आणि कामावर पहिल्यांदा वेळ येईल तेव्हा शब्द शोधावा लागणार नाही.